वस्तू एका खात्यात, वस्ती दुसऱ्या खात्यात

(युवकांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातले शब्द बहुतेक तसेच ठेवले आहेत.)



आजचा विषय आहे डिझाईनच्या दोन मास्टर डिग्र्या एकाच वेळी कराव्यात की नाही. आणि बोलायला उभा आहे मी. मॅट्रिक. कॉलेजची पायरी एकदाच चढलो, कवितावाचनासाठी, तर तिथल्या शिपायानं सामान पोचवणारा समजून मला मागच्या दारानं आत घेतला. माझ्यापेक्षा शिकलेली माणसं इथं बसलीत, एक-दोघं तर इंजिनिअर आहेत. पण पोरं म्हणाली, तूच बोल, म्हणून बोलतो. आणि या विषयावर बोलायचा माझा हक्क आहे, कारण मी गोदीत काम करतो. डिझाईननं गोदीतल्या माणसाची जेवढी वाट लावली तेवढी हातभट्टीनंही लावली नाही.

ते कसं ते आधी सांगतो, मग डिग्र्यांवर येतो.

आपल्या वस्तीत डिझाईन म्हटलं की ब्लाऊजचा गळा, नाहीतर लग्नपत्रिकेवरची वेलबुट्टी. तेही डिझाईनच, नाही म्हणत नाही. पण गोष्ट सरळ आहे. कुठलीही वस्तू बनायच्या आधी ती कशी असावी हे कुणीतरी ठरवतो. किती लांब, किती जड, कुणाच्या हातात मावेल, कुणाच्या हातात मावणार नाही. हे ठरवणं म्हणजे डिझाईन. ठरवतो एक, बनवतो दुसरा आणि निस्तरतो तिसरा. आपण बहुतेक वेळा तिसरे. कधीमधी दुसरे.

आता ऐका. २६ एप्रिल १९५६. अमेरिकेतल्या नेवार्क बंदरातून 'आयडियल एक्स' नावाचं जहाज ह्यूस्टनकडे निघालं. मूळचं तेलवाहू जहाज. त्याच्या डेकवर ५८ पेट्या ठेवल्या होत्या, ट्रकच्या चाकांवरून उचलून तशाच्या तशा. माल्कम मॅक्लीन नावाच्या ट्रकमालकाची ही कल्पना. त्याच्याकडे कीथ टँटलिंगर नावाचा इंजिनिअर होता, त्यानं पेटीच्या कोपऱ्यांना असं कुलूप बसवलं की एकीवर एक रचलेली पेटी हलत नाही आणि क्रेन तिला वरून पकडू शकते. बस्स. एवढंच. कोपऱ्यातलं एक कुलूप. त्या वर्षी सुटा माल माणसांकडून जहाजात चढवायला टनाला ५.८६ डॉलर खर्च यायचा. पेटीत भरून चढवला तर १६ सेंटच्या आत.

मधले साडेपाच डॉलर कुठं गेले? त्यातले बरेचसे आमच्यासारख्यांच्या मजुरीतले होते. खांद्यावरचं ओझं उतरलं हे मी नाकारत नाही. माझ्या आज्याची पाठ मी बघितलीय, गोणीनं घासून घासून तिथली कातडी बैलाच्या मानेसारखी झाली होती. पण ओझ्याबरोबर चूलही उतरली. लंडनच्या जुन्या गोद्या १९६७ ते १९८१ या काळात एकामागून एक बंद पडल्या. तिथल्या एका गोदीच्या जागेवर आज कॅनरी व्हार्फच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत. आपल्याकडे १९८९ साली न्हावाशेवाचं बंदर सुरू झालं आणि मुंबईच्या गोदीतलं पेट्यांचं काम खाडीपलीकडे सरकलं. १९४८ च्या कायद्यानं गोदी कामगाराला नोंदणी मिळाली होती, किमान हजेरीची खात्री मिळाली होती. माझा आजा त्या नोंदणीतला. मी ठेकेदाराचा. बोलावलं तर आहे, नाही बोलावलं तर नाही.

आता मला सांगा, ती पेटी वाईट डिझाईन होती का? अजिबात नाही. अव्वल डिझाईन. मी तिच्या कोपऱ्याला हात लावून बघितलाय, चूक काढायला जागा नाही. मग चुकलं कुठं? पेटी काढणाऱ्याच्या कागदावर फक्त पेटी होती. तिच्यामागं उभ्या असलेल्या चाळी, खाणावळी, टोळ्या, मुकादम, पोरांच्या शाळा, हे काही त्या कागदात बसत नव्हतं. मग गोदी ओस पडल्यावर दुसरे लोक आले, त्यांच्या कागदावर जमीन होती. किती एकर, कुठं बाग, कुठं बोटीचा धक्का, कुठं हॉटेल. त्या कागदावर पेटी नव्हती आणि पेटीनं उठवलेला माणूसही नव्हता. वस्तू एका खात्यात शिकवतात, वस्ती दुसऱ्या खात्यात शिकवतात. आणि आपण राहतो ते या दोन खात्यांच्या मधल्या गटारावर.

इथं दोन डिग्र्यांचा सवाल सुरू होतो. पगार वाढतो, बायोडेटा लांब होतो, परदेशात लवकर चिकटता येतं, या गोष्टी ज्याला हव्यात त्यानं खुशाल बघाव्यात. मला त्यात रस नाही.

अजून एक उदाहरण देतो, हे गोदीबाहेरचं आहे. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन डिझाईनर नवराबायको भारत सरकारच्या बोलावण्यावरून इथं फिरले आणि त्यांनी एक अहवाल लिहिला. त्याच्याच आधारानं पुढं १९६१ साली अहमदाबादला राष्ट्रीय डिझाईन संस्था निघाली. त्या अहवालात त्यांनी सगळ्यात जास्त कौतुक केलं ते आपल्या लोट्याचं. साधा पितळी लोटा. हात त्याच्याभोवती कसा बसतो, कमरेवर कसा टेकतो, डोक्यावर कसा तोलतो, ओतताना पाण्याची धार कशी पडते, घासायला किती सोपा, मोडीत किती किंमत, असे एकापाठोपाठ एक प्रश्न त्यांनी लोट्याला विचारले. वाचताना मजा येते. माणूस वस्तूकडे इतकं बारीक बघू शकतो हे मला तिथं कळलं. पण या देशात लोट्याबद्दलचा पहिला प्रश्न त्या यादीत नाही. त्याला हात कुणी लावायचा? आणि कुणी ओंजळ धरून खाली बसायचं आणि वरून धार पडायची वाट बघायची?

परदेशी पाहुण्यांना दोष देत नाही. वस्तूकडे बघायला शिकलेल्या माणसाला वस्तूच दिसते. गावच्या हॉटेलातली वेगळी कपबशी आठवा. आपल्यातल्या ज्यांचे आईबाप गावाकडून आलेत त्यांना सांगायला नको. ती कपबशी घेऊन उद्या तुम्ही प्रॉडक्ट डिझाईनच्या मास्तरकडे गेलात तर तो म्हणेल, ठीक आहे, कान जरा लहान आहे, कडा जाड आहे. बरोबर म्हणेल तो. कारण आत बसणाऱ्या पाटलाची कपबशीही तशीच असते, त्याच दुकानातली. फरक कपात नाही. फरक तो कप कुठल्या खिळ्याला टांगलाय त्याच्यात आहे. छपराच्या बाहेर टांगलाय. कप बघायची एक विद्या आहे आणि खिळा बघायची दुसरी विद्या आहे. ज्याला एकच येते त्याला जात दिसत नाही, आणि तो खोटं बोलत नसतो, त्याला खरोखरच दिसत नाही.

म्हणून माझं म्हणणं, दोन्ही शिकल्या पाहिजेत, आणि एकाच वेळी शिकल्या पाहिजेत. एकीनंतर दुसरी असं केलं की पहिली डोक्यात घट्ट बसते आणि दुसरी तिची मोलकरीण होते.

हे माझ्या डोक्यातून निघालेलं खूळ नाही. १९१९ साली जर्मनीत वायमारला बाउहाउस नावाची शाळा निघाली. जगातल्या सगळ्या डिझाईन शाळांची ती आजी. तिथं सुरुवातीला प्रत्येक वर्कशॉपला दोन मास्तर असायचे. एक आकाराचा, म्हणजे चित्रकार वगैरे, आणि एक हाताचा, म्हणजे सुतार, विणकर, कुंभार, धातूचं काम करणारा. पोरगं दोघांच्या मध्ये उभं राहून शिकायचं. आता यातली गोम सांगतो. दोघं मास्तर, पण शाळेचा कारभार ठरवताना हाताच्या मास्तराला बरोबरीचं मत नव्हतं. जर्मनीत जात नव्हती म्हणतात. हाताचा आणि डोक्याचा हा भेद तिथंही कुणीतरी पाळत होताच. १९३३ साली नाझींच्या दडपणाखाली ती शाळा बंद पडली, पण दोन मास्तरांची ती कल्पना मला आजही त्यांच्या खुर्च्यांपेक्षा मोठी वाटते.

आज हे कुठं चालतं? लंडनला रॉयल कॉलेज ऑफ आर्ट आणि इम्पिरियल कॉलेज या दोन संस्थांचा मिळून एक कोर्स आहे. १९८० पासूनचा. कलाशाळा आणि इंजिनिअरिंगचं कॉलेज, दोघांनी मिळून पोरांना शिकवायचं. आज त्याचं नाव इनोव्हेशन डिझाईन इंजिनिअरिंग. दोन वर्षांत दोन मास्टर डिग्र्या, एक या संस्थेची, एक त्या संस्थेची. लक्षात घ्या, पोरगं दोन ठिकाणी धावत नाही. दोन संस्था त्याच्यासाठी एका टेबलावर येतात. अमेरिकेत बर्कलीला १९५९ साली विल्यम वुर्स्टर नावाच्या वास्तुशास्त्रज्ञानं इमारत, बाग-मैदान आणि नगररचना ही तीन खाती एका कॉलेजात आणली. तिथं इमारतीची आणि नगररचनेची मास्टर डिग्री जोडीनं करता येते. काही विषय दोन्हीकडे धरले जातात, म्हणून वेगवेगळ्या केल्या तर जेवढा काळ लागेल त्यापेक्षा साधारण एक वर्ष वाचतं. असे जोडकोर्स अमेरिकेत बऱ्याच विद्यापीठांत आहेत. म्हणजे तिकडं जोडायचं काम संस्था करते.

आता आपल्याकडं या.

विद्यापीठ अनुदान आयोगानं एप्रिल २०२२ मध्ये नियम काढला की विद्यार्थ्याला एकाच वेळी दोन पूर्णवेळ कोर्स करता येतील. पेपरात मोठमोठे मथळे आले. त्या नियमात आहे काय? दोन्ही कोर्स प्रत्यक्ष वर्गात बसून करायचे असतील तर एकाच्या तासांची वेळ दुसऱ्याच्या वेळेवर येता कामा नये. नाहीतर एक वर्गात आणि दुसरा ऑनलाइन किंवा दूरशिक्षणानं. नाहीतर दोन्ही ऑनलाइन. पीएचडीला हे लागू नाही. आणि शेवटी, याची व्यवस्था कशी करायची ते प्रत्येक विद्यापीठानं आपापल्या मंडळांमार्फत ठरवावं.

वेळ वेळेवर येता कामा नये! वा रे वा. डिझाईनचा कोर्स म्हणजे काय ते ज्यानं बघितलंय त्याला हसू येईल. बी.ए. सारखे सकाळचे चार तास नसतात. स्टुडिओ असतो. सकाळी जा, दिवसभर बसा, फोम कापा, लाकूड घासा, मॉडेल मोडा, परत करा. ज्युरी असते, म्हणजे तीन-चार माणसं येऊन तुमच्या कामाची साल काढतात. त्याच्या आदल्या रात्री कुणी झोपत नाही. नगररचनेचा कोर्सही तसाच, दिवसभराचा, वर सर्व्हेला बाहेरगावी जायचं. दोन्ही साडेनऊ ते पाच. मग एकाची वेळ दुसऱ्यावर येणार नाही तर काय होणार? परवानगी कागदावर मिळाली, घड्याळ मिळालं नाही. कागदावर मला ताजमध्ये जेवायलाही परवानगी आहे.

इथं एका मुलीबद्दल बोलायला पाहिजे. ती आपल्यातलीच आहे, कदाचित मागं बसलीही असेल. नाव घेत नाही. तिनं वास्तुकलेची पदवी पूर्ण केली. बाप महापालिकेच्या कामावर, तोही ठेक्यावर. आई चार घरची धुणीभांडी करते. घर १८० चौरस फूट, माणसं पाच. टेबल नाही. सगळ्यांची जेवणं झाली की फरशी पुसायची, कागद पसरायचा आणि ड्रॉइंग करायचं, मधे धाकट्या भावाचा पाय आला की परत करायचं. अशी पाच वर्षं तिनं काढली. आता तिला दोन ठिकाणी प्रवेश मिळतोय, एक प्रॉडक्ट डिझाईनला, एक नगररचनेला. दोन्ही मास्टर. आणि तिला दोन्ही पाहिजेत. का, तर तिला संडास काढायचा आहे.

हसू नका. मीही ऐकलं तेव्हा हसलो नाही.

तिची आई पहाटे साडेचारला उठते, कारण पाचनंतर लाईन लागते. दाराला कडी नाही, एका हातानं दार धरून बसायचं. बादली ठेवायला जागा नाही. पाळी आलेली असेल तर कापड टाकायचं कुठं, ठाऊक नाही. आता बघा. कडी, दार, बादलीचा कट्टा, भांड्याचा उतार, हे सगळं प्रॉडक्ट डिझाईनवाल्याच्या खात्यात. पण स्वच्छ भारतच्या नियमात सामूहिक संडासाला ३५ पुरुषांमागं एक सीट आणि २५ बायांमागं एक सीट असं धरलंय, ते नगररचनेच्या खात्यात. संडास वस्तीच्या कुठल्या टोकाला बांधायचा, तिथं दिवा आहे का, रस्त्यात दारूचा गुत्ता आहे का, मैल्याची गाडी आत येते का की कुणाला तरी आत उतरवावं लागतं, हेही तिकडंच. ती मुलगी म्हणते, "दादा, मी नुसती कडी काढली तर सुंदर कडीसमोर लाईन तेवढीच राहणार. आणि नुसता नकाशा काढला तर सीटा वाढतील पण दार धरूनच बसावं लागणार." तिला दोन डिग्र्यांची हाव नाही. तिच्या आईचा संडास दोन खात्यांमध्ये वाटला गेलाय म्हणून तिला दोन खात्यांत जायचंय.

आणि मग ती विचारते, "का दोन्ही सोडून नोकरी धरू?"

तिला सल्ले काय मिळाले? एक सर म्हणाले, एकच कर पण नीट कर. एक म्हणाले, दुसरी ऑनलाइन कर, सर्टिफिकेट मिळाल्याशी मतलब. आता ऑनलाइन कोर्सला मी सरसकट नावं ठेवत नाही, रात्रपाळीवाल्याला तोच परवडतो. पण कडी ऑनलाइन कशी बनवणार? वर्कशॉप लागतं, लेथ लागते, कुणीतरी हाताचा मास्तर शेजारी उभा लागतो. आणि वस्तीचा सर्व्हे खुर्चीत बसून होत नाही. म्हणजे नियमानं जी वाट मोकळी ठेवलीय तिच्यावरून नेमक्या या दोन विद्या जात नाहीत.

पैशाचं बघू. मागासवर्गीय विद्यार्थ्याची जी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, तिच्या २०२१ च्या सूचनांत घरच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख. एका वेळी एकच शिष्यवृत्ती घ्यायची. आणि त्या नियमांत वर्षानुवर्षं एक कलम आहे, एका पायरीचं शिक्षण झाल्यावर त्याच पायरीवर दुसरा विषय घेतला, म्हणजे एका विषयात एम.ए. झाल्यावर दुसऱ्या विषयात एम.ए., तर शिष्यवृत्ती नाही. ज्या काळी दोन कोर्स एकत्र करायला बंदी होती त्या काळी ते ठीक होतं. आता सरकारचा एक हात म्हणतो दोन डिग्र्या घे, आणि दुसरा हात म्हणतो पैसे एकीचेच. मग दुसरी कोण घेणार? ज्याच्या बापाकडं आहेत तो. नियम सगळ्यांना सारखा, असं म्हणायला मोकळे. वर मॉडेलचा खर्च, प्रिंटचा खर्च, सर्व्हेच्या प्रवासाचा खर्च, तो कुठल्याच फॉर्मवर नसतो. आणि वेळ तर धरलेलाच नाही. तिच्या घरापासून एका संस्थेत जायला दीड तास. यायला दीड. पाणी भरायला एक. श्रीमंताच्या पोराचे हे चार तास शिल्लक असतात, त्याची दुसरी डिग्री त्या चार तासांत होते. हुशारीत नाही होत.

काही कार्यकर्ते मला म्हणाले, हे काय काढलंस? पोरांना नोकऱ्या नाहीत, रिझर्वेशनच्या जागा भरत नाहीत, आणि तू डबल डिग्रीचं भाषण करतोस? डिझाईन ही पोट भरलेल्यांची चैन. मी म्हणतो, चैन आहे म्हणून तर त्यांनी ती आपल्यापासून लांब ठेवली. चामडं कुणी कमावलं? टोपली कुणी विणली? दोर कुणी वळला? त्यातलं ठरवणं ज्याच्या हातात गेलं तो डिझाईनर झाला, आणि ज्याच्या हातात सुई-आरी राहिली तो कारागीर राहिला, तेही प्रदर्शनात बसवण्यापुरता. तुमच्या कॉम्प्युटरवर 'मंगल' नावाची देवनागरी अक्षरं असतात. ती र. कृ. जोशी यांनी काढली. कवी माणूस, पवईच्या आयआयटीत १९६९ साली निघालेल्या डिझाईन केंद्रात शिकवायचे. कित्येक सरकारी पत्रं, कित्येक नोटिसा त्या अक्षरांत निघाल्या. अक्षराचं वळणसुद्धा कुणीतरी ठरवतो. ते ठरवणारं टेबल रिकामं सोडून आपण नुसती घोषणा द्यायची?

आणि दार अगदीच बंद आहे असंही नाही. मास्टर ऑफ डिझाईनसाठी सीड नावाची प्रवेश परीक्षा असते. वयाची अट नाही, कितीही वेळा बसा. साध्या पदवीवाल्याला बसता येतं. आणि आपल्यातल्या पुष्कळांना माहीत नाही ते हे की दहावीनंतर पाच वर्षांचा जी.डी. आर्ट केलेल्यालाही, एक वर्ष काम केलेलं असेल तर, बसता येतं. परीक्षेचा एक भाग चक्क हातानं चित्र काढायचा आहे. साइनबोर्ड रंगवणारी आपली पोरं, गणपतीचे मखर करणारी, डॉ. आंबेडकर जयंतीचे देखावे बांधणारी, त्यांनी हा फॉर्म बघितलेलाही नाही.

जयंतीवरून आठवलं. दोन डिग्र्यांचं बोलणं निघालं की कुणीतरी उठतो आणि म्हणतो, बाबासाहेब अठरा अठरा तास अभ्यास करायचे, तुम्हाला काय झालं? हे मला पटत नाही. बाबासाहेबांना काठी म्हणून वापरू नका, तेही आपल्याच पोरांच्या पाठीवर. बघा काय झालं होतं. १९१६ साली ते लंडनला गेले आणि दोन ठिकाणी नाव घातलं, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन. १९१७ साली बडोद्याची शिष्यवृत्ती संपली. दोन्ही अर्धवट टाकून परत यावं लागलं. एवढा माणूस, अठरा तास अभ्यास करणारा, त्यालाही पैसा संपल्यावर बोटीत बसावं लागलं. मग सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्रानं कर्ज दिलं, तेव्हा १९२० ला परत जाता आलं. १९२१ ला एम.एस्सी., १९२२ ला बॅरिस्टर, १९२३ ला डी.एस्सी. आता यातली एक बारीक गोष्ट कुणी सांगत नाही. त्या काळी इनमध्ये टर्म भरायची ती तिथं ठरावीक जेवणं जेवून. जेवण संध्याकाळचं. म्हणून दिवसा दुसरीकडं अर्थशास्त्र शिकायला वाव होता. दोन संस्थांची घड्याळं एकमेकांवर येत नव्हती. जिद्द त्यांची होतीच, ती काय मी सांगावी. पण घड्याळ जमलं नसतं आणि कर्ज मिळालं नसतं तर जिद्दीनं काय केलं असतं, हे १९१७ साली दिसलेलं आहे.

म्हणून त्या मुलीला मी काय सांगितलं ते सांगतो आणि थांबतो. एक सोडू नकोस. ऑनलाइनचं सर्टिफिकेटही घेऊ नकोस. दोन्ही फॉर्म भर. आणि आपण दोन्ही विद्यापीठांना लेखी विचारू. आयोगाच्या नियमातच लिहिलंय की व्यवस्था विद्यापीठांनी त्यांच्या मंडळांमार्फत ठरवायची, तर ठरवा. विद्या परिषदेपुढं अर्ज ठेवा. एका कोर्सचे थिअरीचे तास संध्याकाळी घेता येतील का? शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट दोन्हीकडे एकच धरता येईल का, कडी तिकडं तपासा, नकाशा इकडं तपासा? वर्कशॉप रात्री दहापर्यंत उघडं राहील का? तिला हॉस्टेल मिळेल का, म्हणजे रोजचे ते तीन तास वाचतील? आणि समाजकल्याण खात्याला वेगळा अर्ज, की दोन कोर्सना परवानगी दिलीत तर दुसऱ्याची फी कोण भरणार ते लिहून द्या. नाही म्हणायचं असेल तर नाही असं लिहून द्या. तोंडी नको. तोंडी नकार आपल्या आज्यापणज्यापासून ऐकतोय.

दोन्ही अर्ज तयार आहेत. इंग्रजी तिनं केलंय, मराठी मी. सतरंजीच्या त्या टोकाला ठेवलेत, पेनही आहे. वाचून सही करा, न वाचता करू नका. सोमवारी सकाळी आपल्यातले सहाजण पोचवायला जाणार आहेत, मी पाळी संपवून थेट तिथंच येईन, गेटवर भेटू. पोच घेतल्याशिवाय निघायचं नाही.

मला साडेनऊला उठायचंय, रात्रपाळी आहे. तोवर प्रश्न विचारा. ज्याला ही डबल डिग्री मान्य नाही त्यानं आधी विचारावं.